मोटारघर आणि रात्रीचा मुक्काम



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे. परदेशात मोटारघर घेऊन हिंडणाऱ्या हौशी प्रवाशांशी त्याचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. संघटनेच्या कामाने मला एक सवय लावली आहे. कोठे एखादी सोय दृष्टीस पडली की ती कोणी मिळविली, केव्हा मिळविली आणि तिच्यातून कोण वगळला गेला, असे तीन प्रश्न मनात उभे राहतात. मग ती सोय कारखान्यातील पिण्याच्या पाण्याचा नळ असो, की युरोपातील रस्त्याच्या कडेला उभी असलेली तंबूच्या चित्राची पाटी असो. या तीन प्रश्नांच्या वाटेनेच आज आपल्याला जावयाचे आहे.

प्रथम विषय नीट समजून घेऊ. मोटारघर म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड. झोपावयास पलंग, स्वयंपाकाला शेगडी, पाण्याची टाकी, शौचाची व्यवस्था, असा सारा संसार एका गाडीत मांडलेला असतो. आपल्यापैकी अनेकांची मुलेमुली आज जर्मनीत, हॉलंडात, इंग्लंडात नोकरीला आहेत. आईवडील भेटीला गेले की अशी गाडी भाड्याने घेऊन आठ-दहा दिवस फिरण्याची टूम निघते. दिवसभर सर्व मजेचे असते. परंतु दुपारचे चार वाजले की गाडीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो : आज रात्री तळ कोठे ठोकावयाचा?

कारण घर बरोबर असले तरी ते उभे करावयास जमीन बरोबर नेता येत नाही! ही जमीन सापडण्यासाठी तीन गोष्टी लागतात. घर सोडून फिरण्याइतका रिकामा वेळ ही पहिली. जागेपर्यंत पोचविणारा रस्ता, पाटी आणि नकाशा ही दुसरी. आणि ‘येथे रात्र काढा’ असे म्हणणारा कायदा वा शेजारधर्म ही तिसरी. आज या तिन्ही गोष्टी आयत्या हाती येतात, म्हणून त्या पूर्वीपासूनच होत्या असा आपला समज होतो. इतिहास काही निराळेच सांगतो.

श्रीमंतांची गाडी आणि शिंप्याची राहुटी

हौसेखातर चाकांच्या घरात राहण्याची कल्पना इंग्लंडात रुजली ती १८८५ साली. डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे आरमारातून निवृत्त झालेले शल्यवैद्य. त्यांनी ब्रिस्टलच्या एका गाडी-कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी खास बांधवून घेतली आणि इंग्लंडच्या दक्षिण भागातून थेट स्कॉटलंडच्या उत्तरेपर्यंत १,३०० मैलांचा प्रवास केला. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. ते वाचून अनेक सुखवस्तू गृहस्थांना हा नाद लागला, आणि १९०७ साली अशा मंडळींचा कॅरव्हॅन क्लब निघाला.

या पहिल्या सफरीचे वर्णन वाचताना माझे लक्ष घोड्यांकडे आणि नोकरांकडेच अधिक गेले. गाडी अवजड, तिला दोन घोडे. गाडी हाकणारा निराळा. शिवाय एक नोकर तीनचाकी सायकलवर बसून पुढे जात असे आणि समोरून येणाऱ्यांना सावध करीत असे. आज गाडीतील यंत्र ‘पुढे अरुंद रस्ता आहे’ असे बोलून दाखविते. ते काम त्या काळी एक पगारी माणूस पाय मारीत करीत होता. मुक्काम कोठे करावयाचा हे ठरत असे घोड्यांच्या सोयीवर. गवत, पाणी आणि तबेला जेथे मिळेल तेथे, म्हणजे खानावळीच्या आवारात किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात थांबावयाचे. मालकाला विचारावयाचे, तो ‘हो’ म्हणाला तर थांबावयाचे. डॉक्टरसाहेबांना ‘हो’ हे उत्तर सहसा मिळे. त्याच रस्त्यावरून, तशाच घोड्यांच्या गाडीतून पिढ्यान्‌पिढ्या हिंडणाऱ्या जिप्सी लोकांना मात्र बहुधा ‘चालते व्हा’ असे ऐकावे लागे. गाडी तीच, रस्ता तोच. फरक पडला तो गाडीत कोण बसले आहे यामुळे. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

श्रीमंतांच्या गाडीशेजारी गरिबांची राहुटीही त्याच सुमारास उभी राहत होती. टॉमस हायरम होल्डिंग हा व्यवसायाने शिंपी. सायकलवर बांधून नेता येतील असे हलके तंबू त्याने तयार केले, १९०१ साली सायकलवरून तळ ठोकणाऱ्यांची संघटना काढली आणि १९०८ साली या विषयावर एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. इंग्लंडातील आजच्या कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लबचे मूळ या शिंप्याच्या संघटनेत आहे. त्याच काळात ‘क्लॅरिअन’ या समाजवादी पत्राचे वाचक सायकल मंडळे काढीत होते. १८९५ साली त्यांनी चेशायरमध्ये तंबूंचा तळ उभारला, आणि १८९६ पासून त्यांच्या घोड्यांच्या गाड्या गावोगाव व्याख्याने देत फिरू लागल्या. म्हणजे चाकांवरचे घर हे व्याख्यानमालेचे साधनही होते, हे आपण येथे जमलेल्यांनी विसरू नये.

रस्त्याला नाव आणि क्रमांक

मोटार आली, घोडे गेले, आणि अंतर एकदम वाढले. दिवसाला पंधरावीस मैल जाणारा माणूस वाटेत विचारीत जातो. शंभर मैल जाणाऱ्याला तसे करून भागत नाही. त्याला आधी कळावे लागते. येथून पाटी आणि नकाशा यांचा इतिहास सुरू होतो.

फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ येथे टायर तयार करणाऱ्या मिशलॅं बंधूंनी १९०० साली एक छोटे पुस्तक काढून त्याच्या ३५,००० प्रती फुकट वाटल्या. त्या वेळी साऱ्या फ्रान्समध्ये मोटारी जेमतेम तीन हजार होत्या. कोठे पेट्रोल मिळेल, कोठे चाक दुरुस्त होईल, कोठे झोपावयास मिळेल, याची यादी त्यात होती. त्यामागे परोपकार नव्हता. लोक अधिक फिरले तर टायर अधिक झिजतील, हा सरळ हिशेब होता. पण मालकाच्या हिशेबातूनही कधी कधी सार्वजनिक उपयोगाचे काम होऊन जाते. १९१० पासून या कंपनीने दोन लाखांस एक या प्रमाणाचे नकाशे काढले. परंतु नकाशावर रस्ता दिसला तरी प्रत्यक्ष चौकात उभे राहिल्यावर त्यातला कोणता रस्ता तो, हे कसे ओळखावयाचे? म्हणून १९१२ साली आंद्रे मिशलॅं यांनी रस्त्यांना क्रमांक द्यावेत व ते रस्त्यावर लिहावेत, अशी मागणी करणारा अर्ज फिरविला. दोन लाखांच्या घरात सह्या झाल्या आणि सरकारने मागणी मान्य केली. पुढे फ्रान्सच्या चौकाचौकांत या कंपनीने उभे केलेले, मीना चढविलेल्या दगडी पाट्यांचे खांब दिसू लागले. त्यांतले काही आजही टिकून आहेत.

पाटी वाचावयाची तर भाषा यावी लागते. ही अडचण १९०९ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ओळखली. तेथे अक्षरांवाचून समजणारी चार चिन्हे ठरली : उंचवटा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचे फाटक. आज शेकडो चिन्हे आहेत, पण त्यांचे घराणे या चारांपासूनच सुरू होते. पुढे १९६८ च्या व्हिएन्ना करारात तंबू आणि कॅरव्हॅन यांची चित्रेही आंतरराष्ट्रीय चिन्हांत आली. पोलंडमधील शेतकरी असो की पुण्यातील निवृत्त शिक्षक असो, ते चित्र पाहून ‘येथे तळाची जागा आहे’ एवढे दोघांनाही समजते. निरक्षरालाही वाचता येईल अशी ही लिपी आहे.

सुट्टी कोणी दिली?

रस्ता झाला, पाटी झाली. पण वेळ? आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाम नाही अशा माणसाला त्या पाटीचा उपयोग काय?

या प्रश्नाचे उत्तर फ्रान्सच्या कामगारांनी १९३६ च्या जूनमध्ये मिळविले. निवडणुकीत डाव्या पक्षांची आघाडी विजयी झाली आणि नवे सरकार सूत्रे हाती घेते न घेते तोच देशभर संपांची लाट उसळली. सुमारे वीस लाख कामगार संपावर गेले. त्यांतील अनेकांनी कारखान्यांतच ठाण मांडले. ७ जूनच्या रात्री मालक, संघटना आणि सरकार यांच्यात करार झाला, आणि २० जूनच्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. क्रीडा व फुरसत या खात्याचे उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वेचे खास तिकीट काढले, त्यात भाड्याला चाळीस टक्के सूट होती. त्या एकाच उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोकांनी ते घेतले. त्यांत कित्येक असे होते की ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ज्यांना तिकीटही परवडले नाही ते दोन जणांच्या सायकलीवर तंबू बांधून निघाले. हॉटेलाचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून समुद्रकाठी, नदीकाठी, शेताच्या बांधावर राहुट्या उभ्या राहिल्या. स्वतः लाग्रांज १९४० च्या जूनमध्ये रणांगणावर मारले गेले, परंतु त्यांच्या तिकिटाची आठवण तेथील कामगार अजून काढतात.

त्याच जून महिन्यात जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने पगारी रजेचा करार संमत केला : वर्षभराच्या नोकरीनंतर किमान सहा दिवस. इंग्लंडात असा कायदा १९३८ साली झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा दिली. फ्रान्समध्ये ही रजा पुढे वाढत गेली : १९५६ साली तिसरा आठवडा, १९६९ साली चौथा, १९८२ साली पाचवा. आणि १९४५ पासून तेथील कारखान्यांत ज्या कामगार समित्या निघाल्या, त्यांनी आपल्या सभासदांसाठी मुलांची सुट्टीची केंद्रे आणि तंबूंचे तळ चालविले. तेथील समुद्रकाठच्या तळांची गर्दी हवेमुळे जितकी आहे, तितकीच ती या कायद्यांमुळेही आहे.

जर्मनीत याच काळात दुसरा खेळ चालला होता. २ मे १९३३ रोजी हिटलरच्या माणसांनी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, त्यांची मालमत्ता सरकारी ‘श्रम आघाडी’च्या घशात घातली. या आघाडीने कामगारांना स्वस्त मोटारीचे आमिष दाखविले. आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट चिकटवावयाचे, वही भरली की मोटार मिळावयाची. तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. या योजनेतून एकालाही मोटार मिळाली नाही. कारखाना युद्धाच्या कामाला लागला आणि त्यात हजारो परदेशी माणसांना सक्तीने राबविण्यात आले. तो कारखाना म्हणजे फोक्सवॅगनचा.

इतिहासाची गंमत पाहा. युद्ध संपले, कारखाना इंग्रज लष्कराच्या देखरेखीखाली आला. कारखान्याच्या आवारात सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी मोटारीच्या सांगाड्यावर फळ्या टाकून एक ओबडधोबड सपाट गाडी तयार केलेली होती. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने ती पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एका डब्यासारख्या गाडीचे चित्र काढले. त्या चित्रातून १९५० साली फोक्सवॅगनची प्रसिद्ध व्हॅन निघाली, आणि १९५१ साली वेस्टफालिया या गाडीबांधणी कारखान्याने तिच्यात बसविता आणि काढता येणारे सामान तयार केले : झोपावयाची बैठक, कपाट, शेगडी. आठवडाभर माल वाहावयाचा आणि शनिवारी सामान आत चढवून बायकामुलांना घेऊन निघावयाचे! आज ज्या छोट्या मोटारघरांचे कौतुक होते, त्यांच्या पूर्वजांत कारखान्यातील ही माल वाहणारी ढकलगाडीवजा गाडी बसते. डॉक्टरसाहेबांच्या ‘वाँडरर’पेक्षा हे कुळ मला अधिक जवळचे वाटते, हे मी आपल्यापासून लपवीत नाही.

तळाची जमीन

वेळ आला, गाडी आली. आता राहिली जमीन. युद्धानंतर इंग्लंडात घरांची टंचाई होती आणि सुट्टीवर जाणारेही वाढले. जेथे तेथे कॅरव्हॅन उभ्या राहू लागल्या. तेव्हा १९६० च्या कायद्याने असे ठरविले की कॅरव्हॅनसाठी जागा द्यावयाची तर मालकाने परवाना घ्यावा. पाणी, शौचकूप, दोन गाड्यांमधील अंतर, आगीपासून बचाव यांच्या अटी आल्या. मान्यताप्राप्त संस्थांना मात्र सवलत मिळाली : त्यांच्या सभासदांसाठी एखादा शेतकरी पाच गाड्यांपुरती जागा परवान्यावाचून ठेवू शकतो. इंग्लंडच्या खेड्यांत असे छोटे तळ आजही शेकड्यांनी आहेत, आणि कुंपणापलीकडे गाई चरत असताना चहा घेण्याचे सुख तेथेच मिळते. फ्रान्समध्ये ग्रामपंचायती आणि नगरपालिका स्वतःचे तळ चालवितात. ते साधे व स्वस्त असतात. हॉलंडमध्ये एसीएसआय या संस्थेने १९६५ साली तळांची पहिली यादी काढली तेव्हा तिच्यात पंचावन्न तळ होते. आज तिची पुस्तके जाडजूड झाली आहेत.

प्रत्येक देशाचा रिवाज मात्र निराळा. स्वीडनमध्ये रानावनात कोणीही फिरावे, रात्र काढावी, असा जुना लोकहक्क आहे. पण तो पायी फिरणाऱ्याचा, मोटारीचा नव्हे. रस्ता सोडून गाडी रानात घालण्यास तेथे मनाई आहे. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यानेही मोटारीला हा हक्क दिलेला नाही. जर्मनीत थकलेल्या चालकाने ताजेतवाने होण्यापुरती एक रात्र गाडीत झोप काढली तर चालते. खुर्च्या बाहेर मांडल्या, छत ताणले, शेगडी पेटविली, की तो ‘तळ’ झाला आणि मनाई लागू झाली. झोप आणि तळ यांतील हा भेद मोठा मार्मिक आहे. प्रवाशाने तो सीमा ओलांडण्यापूर्वी समजून घ्यावा.

आजचा शोध

आज नकाशाची जागा उपग्रहाने घेतली आहे. हे उपग्रह अमेरिकन लष्कराचे. सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळली जात असे. मे २००० मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि अचूकता सुमारे दहापटींनी वाढली. तेव्हापासून यंत्र गाडीतल्या माणसाला दारापर्यंत नेऊ लागले. तरीही जाणते प्रवासी काही पथ्ये पाळतात. ती आपल्या उपयोगाची आहेत म्हणून सांगतो.

पहिले पथ्य : यंत्राला आपली गाडी काय आहे ते सांगावे. मोटारघराची उंची तीन मीटरच्या आसपास असते. लहान मोटारीसाठी काढलेला मार्ग त्याला कमी उंचीच्या पुलाखाली किंवा जुन्या गावाच्या गल्लीत नेऊन अडकवितो. इंग्लंडात पुलाची उंची फूट-इंचांतही लिहिलेली असते. म्हणून आपल्या गाडीची उंची, रुंदी आणि वजन दोन्ही मापांत कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावे.

दुसरे पथ्य : अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत ते पाहावे. ४८.५० अंश म्हणजे ४८ अंश ३० मिनिटे. ते ४८ अंश ५० मिनिटे असे वाचले तर माणूस तब्बल सदतीस किलोमीटर दूर जाऊन पोचतो!

तिसरे : एकाच नावाची गावे अनेक असतात, म्हणून जिल्हा किंवा पिनकोड तपासावा. चौथे : शेवटच्या दोन किलोमीटरांत यंत्रापेक्षा पाटीवर विश्वास ठेवावा. यंत्र जवळचा रस्ता दाखविते. तळाचा मालक अवजड गाडी जाईल असा रस्ता दाखवितो. आणि पाचवे : फ्रान्समध्ये तळाची कचेरी दुपारी जेवणासाठी बंद असण्याचा आणि संध्याकाळी लवकर मिटण्याचा रिवाज आहे, म्हणून दिवेलागणीच्या आधी पोचावे, आणि हंगामात आधी कळवावे. कचेरीतला माणूस जेवावयास गेला म्हणून चिडू नये. त्याची जेवणाची सुट्टीही कोणीतरी झगडूनच मिळविली आहे.

ज्यांना तळ नाकारला

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. या सोयीतून कोण वगळले गेले?

रस्त्यांना क्रमांक द्या म्हणून फ्रान्समध्ये सह्या गोळा होत होत्या ते वर्ष १९१२, हे मघाशी सांगितले. त्याच वर्षी, १६ जुलैला, तेथे आणखी एक कायदा झाला. त्याने माणसांना क्रमांक दिले. ज्यांना ‘नोमाद’ म्हणजे भटके ठरविण्यात आले, त्यांनी शरीराची मापे आणि बोटांचे ठसे असलेली वही जवळ बाळगावी, प्रत्येक गावात येताना आणि जाताना तिच्यावर शिक्का घ्यावा, त्यांच्या गाडीवर वेगळी पाटी असावी, असा हा कायदा. एकाच देशाने एकाच वर्षी हौशी प्रवाशाला वाट दाखविण्याचा आणि जन्माच्या प्रवाशावर पाळत ठेवण्याचा विचार केला. १९४० च्या एप्रिलमध्ये या लोकांना फिरण्याची बंदी झाली. सहा हजारांहून अधिक माणसे, बायकामुलांसह, तारेच्या कुंपणांत डांबण्यात आली. देश १९४४ साली मुक्त होऊ लागला, पण यांतील शेवटची माणसे सुटली ती १९४६ च्या जूनमध्ये. ‘कँप’ हा एकच शब्द. समुद्रकाठच्या राहुट्यांना तोच आणि या छावण्यांनाही तोच. प्रवासाच्या वह्या रूप बदलत २०१७ पर्यंत चालू राहिल्या. २०१६ साली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मोंत्रय-बेले येथील छावणीच्या जागी जाऊन देशाची जबाबदारी मान्य केली, तेव्हा सत्तर वर्षे उलटून गेली होती.

आजही फ्रान्सच्या रस्त्यावर ‘एअर’ या एकाच शब्दाच्या दोन पाट्या दिसतात. एक मोटारघरांच्या थांब्याची, दुसरी प्रवासी जमातींच्या थांब्याची. २००० सालच्या कायद्याने पाच हजारांवरील वस्तीच्या गावांवर या दुसऱ्या थांब्याची जबाबदारी टाकली. अनेक गावांनी ती टाळली. विल्यम आकेर हे त्याच समाजात वाढलेले कायदेतज्ज्ञ. त्यांनी सरकारी थांबे नकाशावर एकेक करून तपासले आणि २०२१ साली पुस्तक लिहून दाखविले की त्यांतले कितीतरी वस्तीपासून दूर, कचरा आगार, कारखाने, महामार्ग यांच्या शेजारी आहेत. ज्या नकाशाने आपण नदीकाठची सावली शोधतो, त्याच नकाशाने त्यांनी हा अन्याय शोधला.

इंग्लंडची कथा फारशी निराळी नाही. १९६० च्या परवान्याच्या कायद्याने हौशी प्रवाशाची सोय झाली, पण जिप्सींचे जुने थांबे बंद पडले. खासदार एरिक लबक यांनी आणलेल्या १९६८ च्या कायद्याने नगरपालिकांवर त्यांच्यासाठी जागा देण्याचे बंधन घातले. ते १९९४ साली काढून घेण्यात आले. २०२२ च्या कायद्याने परवानगीवाचून गाडीत राहून उपद्रव झाल्यास आणि सांगूनही न हटल्यास तो फौजदारी गुन्हा ठरविला, गाडी जप्त करण्याची तरतूद केली. हौशी प्रवाशाची गाडी जप्त झाली तर त्याची सुट्टी बुडते. यांची जप्त झाली तर घर जाते.

अमेरिकेतही हेच झाले. फ्रान्समध्ये पगारी रजा मिळाली त्या १९३६ सालीच न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला अपमान न होता कोठे जेवता येईल, कोठे झोपता येईल, याची ती यादी होती. ती १९६६ पर्यंत निघत राहिली. मिशलॅंच्या पुस्तकात झोपावयाची जागा चांगली की वाईट हे पाहावयाचे. ग्रीनच्या पुस्तकात आत घेतात की नाही हे पाहावयाचे. व्हर्जिनियातील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली कृष्णवर्णीयांसाठी वेगळा तळ उघडण्यात आला होता, आणि तशी पाटीही लावलेली होती. तो भेद तेथून १९५० साली पुरता गेला.

हे ऐकून आपण युरोप-अमेरिकेकडे बोट दाखवावे असे मात्र नाही. आपल्याच देशात १८७१ साली इंग्रज सरकारने जमातींच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. १९११ च्या कायद्याने हा फास देशभर आवळला : नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, हालचालींवर बंधने. फ्रान्सच्या १९१२ च्या कायद्याशेजारी हा ठेवून पाहा. एकाच साच्यातून निघाल्यासारखे वाटतात. सोलापूरच्या सेटलमेंटच्या आठवणी आपल्या भागात अजून बुजलेल्या नाहीत. कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला. पण गावाबाहेरच्या माळावर पाल ठोकणाऱ्याला ‘तू कोण, कोठला, किती दिवस राहणार’ असे विचारण्याची आपली सवय गेली आहे काय, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

समारोप

आरंभी मांडलेल्या प्रश्नांची उत्तरे आता एकत्र करतो. तंबूच्या चित्राच्या पाटीमागे एका शिंप्याची कल्पकता आहे, टायरवाल्याचा हिशेब आहे, जिनीव्हाचे आणि व्हिएन्नाचे करार आहेत, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे १९३६ च्या जूनमध्ये कारखान्यांत ठाण मांडून बसलेली लाखो माणसे आहेत. फिरण्याचा हक्क बोलावयास सोपा असतो. त्याची कसोटी लागते ती दिवस मावळल्यावर. थांबावयास जागा नसेल तर तो हक्क म्हणजे पुढे हाकलला जाण्याचे दुसरे नाव.

आपल्यापैकी ज्यांना मोटारघराचा योग येईल त्यांनी तो आनंद मनसोक्त घ्यावा. सुट्टी ही चैन नाही, ती कमावलेली वस्तू आहे. फक्त संध्याकाळी जागा मिळून शेगडी पेटली, चहा उकळू लागला, की रस्त्याच्या दुसऱ्या पाटीकडेही एकदा पाहावे. आणि परत आल्यावर आपल्या गावाच्या वेशीबाहेरच्या माळावर कोणी पाल ठोकलेले दिसले, तर तेथे पाणी कोठून येते, दिवा आहे की नाही, मुले शाळेत जातात की नाही, याची चौकशी नगरपालिकेत जाऊन करावी. परदेशातील ज्या तळाचे कौतुक आपण घरी सांगतो, तेथेही पाण्याचा नळ आला तो कोणीतरी अशी चौकशी केली म्हणूनच.